तुरुंगाच्या दारानें परत आलेली गुलामगिरी

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, अमेरिकेंतील ज्या भल्या लोकांनीं काळ्या गुलामांस दास्यांतून सोडविलें त्यांस अर्पण केलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ती अर्पणपत्रिका आम्ही सभांतून अभिमानानें वाचून दाखवितों. परंतु ज्यांच्या सुटकेचा आनंद जोतीरावांनीं मानला, त्यांचें पुढें काय झालें, याची विचारपूस आपल्यापैकीं किती जणांनीं केली आहे?

डिसेंबर १८६५ मध्यें अमेरिकेच्या राज्यघटनेंत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी बंद झाली. मात्र त्याच वाक्यांत एक अपवाद राहिला. गुन्हा शाबीत झालेल्या इसमास शिक्षा म्हणून सक्तीनें राबवावयास मोकळीक राहिली. गुन्हा कशास म्हणावयाचें, हें ठरविणारे जुने मालकच होते. मिसिसिपी प्रांतानें त्याच सालीं कायदा केला कीं, दर जानेवारींत काळ्या मनुष्याजवळ कामधंद्याचा लेखी पुरावा पाहिजे. काम नसेल तो उनाड, उनाड तो गुन्हेगार, गुन्हेगारास दंड. आणि दंडाला पैसा नसेल तर जो कोणी तो भरील त्याच्याकडे त्यानें राबावें! पुढें अनेक प्रांतांनीं कैदीच मक्त्यानें खाणवाल्यांस, रेल्वेवाल्यांस व मळेवाल्यांस दिले. गुलाम पैसे मोजून घेतलेला असे, म्हणून मालकास निदान त्याच्या जिवाची किंमत असे. मक्त्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. अलाबामा प्रांतांत हा मक्ता १९२८ पर्यंत चालला.

आतां कचेरीचें दप्तर पाहाल तर सर्व कायदेशीर! आरोप आहे, निकाल आहे, शिक्का आहे. ज्याच्या हातीं ससा तो पारधी. हें दप्तर खोटें आहे असें सांगावयास काळ्यांच्याच हातीं लेखणी हवी होती. आणि गुलामगिरीच्या काळीं तर दक्षिणेंतील कित्येक प्रांतांत गुलामास लिहावयास शिकविणें हाच गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस या गुलाम मुलानें गल्लींतील गोऱ्या पोरांस पाव देऊन त्यांच्यापासून अक्षरें मिळविलीं, १८३८ सालीं पळ काढला, आणि १८४५ सालीं आपलें चरित्र आपल्या हातानें लिहून छापलें.

आयडा वेल्स ही १८६२ सालीं गुलामगिरींतच जन्मलेली बाई. तीहि आमच्यासारखीच शाळा शिकविणारी. पुढें मेम्फिस शहरीं एका लहानशा वर्तमानपत्राची चालक झाली. १८९२ सालीं तेथें दुकान चालविणाऱ्या तीन काळ्या इसमांस जमावानें तुरुंगांतून ओढून काढून ठार मारिलें. त्यांतील एक तिचा जिवलग स्नेही होता. त्यांच्या दुकानामुळें एका गोऱ्या दुकानदाराचें गिऱ्हाईक तुटत होतें, हें वैराचें मूळ. स्त्रियांच्या अब्रूची सबब सांगून असे खून पाडितात, ती सबब किती पोकळ आहे, हें बाईनें प्रकरणें तपासून छापलें. त्यावर जमावानें तिची कचेरी मोडून टाकली. बाई मात्र लिहीतच राहिली.

तरी कोर्टाची रीत बदलली नाहीं. १९३१ सालीं अलाबामांतील स्कॉट्सबरो येथें नऊ काळ्या पोरांवर बलात्काराचा आरोप आला. नीट वकील नाहीं, ज्यूरी सगळी गोरी; अटकेपासून अवघ्या पंधरवड्यांत आठ जणांस मृत्यूची शिक्षा! आरोप करणाऱ्या दोघींपैकीं एकीनें १९३३ सालीं कोर्टांत तो खोटा असल्याचें सांगितलें, तरीहि ज्यूरीनें दोषीच ठरविलें. वरिष्ठ कोर्टानें १९३२ व १९३५ सालीं निकाल फिरविले. पण पोरांचीं उमेदीचीं वर्षें तुरुंगांतच गेलीं. शेवटच्या तिघांस माफी मिळाली ती २०१३ सालीं, मेल्यानंतर.

कोणी म्हणेल, "गुन्हे करितात म्हणून तुरुंगांत जातात." गुन्हेगार कोणत्या जातींत नसतात? परंतु ज्या देशांत काळे लोक शेंकडा सुमारें १३ आणि तुरुंगांतील कैद्यांत सुमारें तिघांत एक, तेथें दोष केवळ कैद्यांच्या माथीं मारून कसें भागेल? तो १८६५ चा अपवाद राज्यघटनेंत आजहि कायम आहे. कोलोराडोनें २०१८ सालीं व खुद्द अलाबामानें २०२२ सालीं आपापल्या प्रांतिक घटनेंतून तसली वाक्यें काढलीं. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं मात्र २०२४ सालीं तसें करण्यास नकार दिला.

म्हणून आमचें वाचकांस मागणें आहे कीं, आपल्या गांवच्या वाचनालयांत 'गुलामगिरी'च्या शेजारीं डग्लसचें चरित्र व वेल्सबाईचे लेख असावेत; मराठींत नसतील तर ते आणण्याची खटपट आपल्या पदवीधर मुलांनीं करावी. अमुक गोष्ट कायद्यानें बंद झाली असें कोणी सांगितलें, तर तो कायदा मागून घ्यावा आणि त्यांतील 'परंतु'च्या पुढील मजकूर आधीं वाचावा. वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचावें, हें आम्ही पहिल्या इयत्तेपासून शिकवीत आलों आहों.