एवढीशी पिन, केवढा शोध!

बालमित्रांनो, आईच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन जरा मागून घ्या आणि नीट बघा. तारेला खाली एक वेढा दिलाय, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी ताणून राहते. टोक टोपणात लपतं, म्हणून टोचत नाही. आहे की नाही गंमत?

अमेरिकेतल्या वॉल्टर हंटनं १८४९ मध्ये हिचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे आपला शोध ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणी न विचारता बनवून विकू नये, असा सरकारी हक्क. पण १५ डॉलरची उधारी फेडायची म्हणून हंटनं तो हक्क अवघ्या ४०० डॉलरला विकून टाकला, असं सांगतात. नफा कमावला दुसऱ्यांनीच!

तुम्हालाही काही सुचलं तर 'एवढंसंच तर आहे' म्हणू नका. तारीख घालून वहीत लिहून ठेवा बरं!