पुण्याची हगादा कपाटात की टेबलावर?

पुण्यात १८७४ साली छापलेली हगादा नावाने पुष्कळांना माहीत आहे. उघडून पाहिलेली फार थोड्यांना. तळकर आडनावाच्या दोघा बेने इस्राएल गृहस्थांनी, मोशे याकोब आणि आहरोन दानियेल यांनी, ती तयार केली. हिब्रू मजकूर, त्याच्यासोबत देवनागरीत मराठी अर्थ, आणि चित्रे. चित्रातल्या बायका लुगडी नेसून पेसाहच्या बेखमीर भाकरी करीत आहेत. युरोपातल्या हगादांत ही बायामाणसे कुठून सापडणार? कोकणातून पुण्या-मुंबईला आलेल्या घरांनी मिसर देशातून सुटकेची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवली, ती या पानांवर.

१९६८ साली न्यूयॉर्कमध्ये तिची हुबेहूब प्रत निघाली, म्हणून ती अभ्यासकांच्या हाती राहिली. पण सेदेरच्या टेबलावरून ती उठली ती उठलीच. लोद, रामले, अश्दोद, दिमोना, कुठल्याही घरात आज मुलांच्या हाती दुकानातली रंगीत हगादा असते. तिच्यात मराठी नाही आणि लुगडेही नाही.

तेव्हा जुनी प्रत पुन्हा उभी करावी, हे बहुतेकांना पटते. मतभेद पुढे सुरू होतात.

आधी कागदाचे. कुणाच्या घरी मूळ पाने असतील, तर त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकमध्ये बंदही करू नये. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना अक्षरेही घेऊन जाते. जाणकार लोक पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. (पेसाहची हगादा, तिला गव्हाची खळ! हे काम सणाच्या महिनाभर आधी उरकलेले बरे.) नंतर चांगल्या उजेडात पानापानाचा फोटो घ्यावा. फोटो संगणकावर घासूनपुसून गोरेपान करण्याची हौस मात्र आवरावी. ज्या प्रती घरात वापरल्या गेल्या त्यांच्यावर डाग असणारच. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून किद्दूशचे शरबत करण्याची चाल ज्या समाजात होती, त्याच्या हगादेवर शरबताचा डाग हा दोष धरू नये.

चित्रे रंगवावीत, म्हणजे मुलांना आवडतील, असेही सुचवले जाते. ते करू नये. शिळाप्रेसवर छापलेल्या रेघेची मजा रेघेतच आहे. शिवाय रंगवणारा लुगड्याला कुठला रंग देणार? जो सुचेल तो. म्हणजे ती त्याची कल्पना झाली, १८७४ची साक्ष राहिली नाही. मुलांना रंगवायचेच असेल तर वर्गात वेगळी कोरी पाने द्यावीत, हिरवे, जांभळे, हवे ते करू द्यावे.

मजकुराला मात्र हात लावावा लागेल. इथे वडीलधाऱ्यांचा विरोध होतो: जुने शब्द बदलू नका, हे पवित्र आहे. हिब्रूला कुणी हात लावत नाही. मराठी हा अर्थ आहे, आणि अर्थ ऐकणाऱ्यासाठी असतो. मुंबईत १८४६ सालीच गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून मराठी अर्थासह एक हगादा निघाली होती. तेवढ्यावर भागले असते तर तळकरांनी अठ्ठावीस वर्षांनी नवी कशाला काढली असती? त्यांच्या काळी हिब्रू अवघड होते आणि मराठी मदतीला होती. आज इस्राएलात वाढणाऱ्या मुलाला हिब्रू पाण्यासारखे येते, अडते ते मराठीवर. त्याच पुस्तकाचा उपयोग उलटा झाला आहे, आणि नवी आवृत्ती काढणाऱ्याने हे आधी ओळखावे. जुना अर्थ शेवटी जसाच्या तसा छापावा. टेबलावर वाचायला सोपी, आजची मराठी द्यावी: लहान वाक्ये, मुलाने मोठ्याने वाचता येतील अशी. चार प्रश्नांपैकी एक जरी धाकट्या नातवाने मराठीत विचारला तरी पुस्तकाचे काम झाले.

सोपी म्हणजे पुळचट नव्हे. घरातले शब्द तिच्यात यावेत. पेसाहला जुन्या पिढ्या ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे आंबट कालवणाचे मडके. सणापुरते ते झाकून ठेवायचे, त्यावरून हे नाव. हा एक शब्द समजावताना खमीर का चालत नाही, हेही मुलांना आपोआप कळते. असे शब्द काढून जागी पाठ्यपुस्तकी मराठी घालायची, तर एवढा खटाटोप कशासाठी?

राहिली छपाई. अक्षर मोठे हवे, कारण वाचणाऱ्यांत आजीही आहे. पुस्तक उघडे टाकले तर उघडे राहील अशी बांधणी हवी. चकचकीत, जाड, किमती कागद मुळीच नको. तसले पुस्तक लोक काचेच्या कपाटात ठेवतात. साधा कागद, कमी किंमत, आणि एका घरात निदान चार प्रती. शरबत सांडेल, सांडू द्यावे.