छायाचित्र द्या, पण हक्क सांभाळा

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो प्रसंग हौशी कॅमेऱ्याने टिपणारे अब्राहम झाप्रुडर बातमीदार नव्हते. बायकांचे तयार कपडे बनवून विकणारे ते व्यापारी होते. ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यांच्याकडून आधी केवळ छपाईचे हक्क ५० हजार डॉलरला घेतले आणि दोन दिवसांनी सर्व हक्कांसाठी एकूण दीड लाख डॉलरचा करार केला. त्यातले २५ हजार झाप्रुडर यांनी त्याच दिवशी मारल्या गेलेल्या पोलिसाच्या विधवेसाठी दिले. छापण्याची परवानगी ही एक चीज आणि मालकी ही दुसरी, हे या सौद्यावरून स्पष्ट दिसते.

आज मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. बाजारात आग लागली, पूल खचला, गल्लीत पाणी शिरले, तर पहिले चित्र बहुधा दुकानदाराच्या किंवा कारागिराच्याच हातून निघते. मग एखाद्या वार्ताहराचा फोन येतो, आपण चित्र पाठवून देतो, आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या नावाशिवाय छापून येते. दोष छापणाऱ्याचा असतोच. पण आपणही व्यवहार न ठरवता माल दिलेला असतो, हे कबूल केले पाहिजे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढणारा हाच त्याचा कर्ता. हक्क मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र कोणी मोबदला देऊन आपल्याकडून चित्र काढवून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो गिऱ्हाईक ठरतो. स्टुडिओ चालवणाऱ्या भावांनी हे विसरू नये.

आमचे मत असे की, हक्क विकू नयेत, भाड्याने द्यावेत. गाळा भाड्याने देताना आपण खरेदीखत करून देत नाही, तसेच हे. कोणत्या अंकासाठी, किती दिवसांसाठी, किती रकमेला आणि नाव छापण्याच्या अटीवर, एवढे चार ओळींत लिहून घ्यावे. हक्क किंवा परवाना देण्याचा व्यवहार कायद्याने लेखीच हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर सारा भारत, असे कायदा धरतो. म्हणजे आपली हयगय समोरच्याच्या पथ्यावर पडते. ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द दिसले की सही करण्याआधी थांबावे.

मूळ फाईल फोनमधून पुसू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातील तारीख-वेळेची नोंद निघून जाते. उद्या वाद झाला तर मूळ फाईल हाच आपला पुरावा. नमुना म्हणून लहान, नाव घातलेली प्रत पाठवावी आणि सौदा ठरल्यावरच मोठी द्यावी.

चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी रास्त वापराची सवलत कायद्यात आहे, म्हणून प्रत्येक वापर चोरी ठरत नाही. पण त्या सवलतीच्या नावाखाली अख्खे चित्र फुकट उचलून त्यावर धंदा करणे, हे आम्हाला मान्य नाही.

शेवटी एक गोष्ट. जखमी माणूस समोर पडला असेल तर आधी हात द्यावा, मग कॅमेरा काढावा. कोणाच्या दुःखाची किंवा बेअब्रूची किंमत लावणे हा व्यापार नव्हे. पण हलाल मेहनतीने टिपलेल्या चित्राचे दाम आणि नाव मागण्यात लाज कसली? जरीचा कारागीर साडी विकतो, खाका विकत नाही. आपल्या चित्राचाही खाका आपल्याकडेच राहू द्या.