औषध आपल्या हाती, आकडा नव्हे

‘डॉक्टर, साखर नॉर्मल आली. आता गोळी बंद करू ना?’ आणि ‘एवढं पथ्य करूनही साखर वाढलीच. मग गोळी खायची तरी कशाला?’ हे दोन प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकू येतात. विचारणारे निराळे, पण दोघांच्या मनातला निर्णय एकच : औषध बंद. तिसरा एक वर्ग आहे, तो काही विचारतच नाही. ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून तो तपासायलाही येत नाही.

या तिघांसाठी आज गोळीबरोबर थोडे तत्त्वज्ञान लिहून देतो. तत्त्वज्ञान म्हटले की पोथी, प्रवचन आणि पेन्शनीतला वेळ एवढेच डोळ्यांपुढे येते. पण आपल्याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी गीतेचा अर्थ लावला तो संसारातल्या, कामातल्या माणसासाठी. कर्म सोडू नका, कर्मफळाची आसक्ती सोडा, हे त्यांचे सांगणे.

हे सांगणे आरामखुर्चीत बसून झालेले नाही. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात रवानगी झाली. मंडालेचा थिबा राजा तेव्हा इंग्रजांच्या कैदेत आपल्या रत्नागिरीत होता, आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत! टिळकांना मधुमेह होता. इन्सुलिन माणसाला प्रथम टोचले गेले १९२२ साली, आणि टिळक तर १९२० सालीच गेले. तेव्हा पथ्य हाच मुख्य उपाय. अशा स्थितीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. हस्तलिखित सरकारच्या ताब्यात होते, ते परत मिळेल याची खात्री नव्हती. १९१२ साली इकडे पत्नी वारल्या. १९१४ साली सुटका झाली, हस्तलिखित परत मिळाले आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. लिहिणे त्यांच्या हाती होते, छापले जाणे नव्हते. त्यांनी हातात होते ते केले.

आता हेच मधुमेहाला लावून पाहा. वेळेवर गोळी घेणे, ताटातला भात मोजका ठेवणे, रोज अर्धा तास झपझप चालणे, तंबाखू सोडणे ही आपली कर्मे. रिपोर्टातला आकडा हे फळ. त्या फळात आपल्या कर्माचा मोठा वाटा आहे, पण सगळा नाही. आईवडिलांकडून आलेला वारसा, वय, रात्रीची अपुरी झोप, अंगातला ताप, घरातली काळजी यांचाही हिस्सा त्यात असतो. म्हणून आकडा चांगला आला की गोळी सोडणारा आणि वाईट आला की गोळी सोडणारा हे दोघेही फळाला चिकटलेले. नशिबावर हवाला ठेवणाऱ्याने तर कर्मच सोडले. तो स्वतःला विरक्त समजतो, पण हा निव्वळ आळस आहे.

आपल्या आंबा बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. मोहोर भरघोस येतो आणि एका अवकाळी पावसात गळून जातो. म्हणून पुढच्या वर्षी कलमांना खत घालायचे तो थांबवतो का? आणि एक वर्ष पीक उत्तम आले म्हणून फवारणी कायमची बंद करतो का?

कोणी विचारील, ‘फळाची आसक्ती नको, तर मग रक्त तरी कशाला तपासायचे?’ प्रश्न रास्त आहे. बागायतदारही मोहोर रोज न्याहाळतो, तो पुढची फवारणी ठरवण्यासाठी. रिपोर्टाकडे तसेच पाहावे. तो परीक्षेचा निकाल नव्हे, पुढचे काम ठरवण्याची खूण आहे. एका आकड्याने हुरळू नये, खचूही नये. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी म्हणूनच अधिक उपयोगी. ब्लडप्रेशरही जिना चढून आल्या आल्या मोजू नये, पाच मिनिटे शांत बसून मोजावे.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन साम्राज्यातला एपिक्टेटस हा विचारवंत गुलामीतून वर आलेला. आपल्या हातात काय आणि हातात नाही काय याची आधी वाटणी करा, असे तोही शिकवी. देश निराळा, भाषा निराळी, पण अनुभव तोच.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एवढे करा. घरातल्या कॅलेंडरवर साखरेचा आकडा लिहिता, तसे गोळी घेतली का आणि चाललो का, हेही रोज लिहा. महिनाअखेरीस आधी ते पाहा, आकडा नंतर. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साखर नॉर्मल आहे ती बहुधा त्या गोळीमुळेच. मात्र चक्कर, थरथर, घाम असा त्रास झाला तर लगेच साखर खा आणि डॉक्टरांना गाठा. डोस कमी करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. आणि घरच्यांनीही रिपोर्ट पाहून रुग्णाला बोल लावण्याऐवजी संध्याकाळी त्याच्याबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर चार पावले चालावीत. तेवढे तर त्यांच्याही हातात आहे.