ओटीवरचे पाहुणे आणि मागील दार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही मराठी विभागातील तिघे अध्यापक पदव्युत्तर वर्गाला घेऊन रत्नागिरीजवळच्या एका गावी दोन दिवस मुक्कामास गेलो. उतरलो ते एका जुन्या खोती घरात. चिरेबंदी जोते, मंगलोरी कौले, सारवलेले खळे, ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा. घराचे आता ‘होमस्टे’ झाले आहे. यजमान सज्जन, जेवण उत्तम, आणि ‘आमच्याकडे सगळं पूर्वी होतं तसंच ठेवलंय’ हे वाक्य दिवसातून चारदा. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीला मात्र मोठी खिडकी पाडून वातानुकूलन यंत्र बसवलेले होते.

संध्याकाळी चहाच्या वेळी आमची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “मॅडम, माझी पणजी या घरात भात सडायला यायची, असं आजी सांगते. पण मागच्या दाराने.” हे ऐकल्यावर यजमानांनी ‘तसंच ठेवलंय’ म्हणून नेमके काय ठेवले आहे, असा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे उत्तर यजमानांपेक्षा आम्हा मराठीच्या प्राध्यापकांकडे अधिक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात कोकणातले जुने घर ही केवळ एक वास्तू नव्हती. खळे, पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वैपाकघर, मागील दार हा तिचा क्रम म्हणजे माणसांची प्रतवारी होती. कोणी खळ्याच्या कडेलाच थांबायचे, कोणी पडवीपर्यंत यायचे, कोणाला ओटीवर बसायला पाट मिळायचा आणि माजघरात कोणाचे पाऊल पडायचे, हे न सांगता ठरलेले असे. घरातल्या बायकांचीही तीच गत. ओटी पुरुषांची, बायकांचा दिवस चूल, विहीर आणि मागील दार यांच्या त्रिकोणात संपायचा. विटाळशी आणि विधवा यांच्या जागा तर भिंतींइतक्या पक्क्या होत्या. आज पाहुणा पैसे मोजतो आणि हे सारे उंबरठे एका दमात ओलांडून झोपाळ्यावर जाऊन बसतो. तो तिथे बसतो याचा आम्हांला आनंदच आहे. पण आपण काही ओलांडले आहे याचा पत्ताही त्याला लागू दिला जात नाही, याला आमची हरकत आहे.

ही गोष्ट एकट्या कोकणाची नाही. मोरोक्कोतल्या फेझ शहराचा जुना, तटबंदीच्या आतला भाग १९८१ साली जागतिक वारसायादीत गेला. तिथली अंगणाभोवती बांधलेली जुनी घरे, ज्यांना ‘रियाद’ म्हणतात, आज अतिथिगृहे झाली आहेत. बाहेरून कोरी भिंत, आत कारंजे, झाडे आणि शांतता; प्रवासी या शांततेवर लुब्ध असतात. त्याच फेझमध्ये १९४० साली जन्मलेल्या फातिमा मेर्निसी यांनी अशाच एका घरातले बालपण १९९४ साली पुस्तकरूपाने सांगितले. त्यांच्या कथनात हेच अंगण बायकांना बाहेरच्या जगापासून तोडणारी सीमा आहे. दारावर पहारेकरी आहे आणि मोकळ्या आकाशासाठी गच्ची गाठावी लागते. प्रवाशाची शांतता आणि त्या मुलीची कोंडी एकाच चौकातली आहे. पण मेर्निसींचे पुस्तक वाचलेल्या प्रवाशाला निदान दोन्ही दिसू शकतात.

आमच्याकडे असे पुस्तक नाही काय? आहे. बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ सालचे. एका बालविधवेने स्वतः सांगितलेले आयुष्य. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली त्यांच्याशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला; त्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे ठरले. आज त्याच मुरुडच्या किनाऱ्यावर कोणीही अनोळखी माणूस रात्रीचे भाडे भरून राहू शकतो. कर्व्यांना मात्र आपल्या आईवडिलांच्या घरी राहण्याची मुभा नव्हती. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही कादंबरी तर एका खोत घराण्याच्या पिढ्यान् पिढ्यांचा माज आणि ऱ्हास मांडते. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. घराच्या जोत्याखाली हा सगळा इतिहास आहे.

तरीही विद्यार्थ्यांच्या हाती आम्ही काय देतो? आजोळ, आंबे, फणस, आजीची गोधडी, परसातली विहीर असे स्मरणरंजन करणारे ललित लेख, आणि त्यावर ‘लेखकाने रेखाटलेले कोकणचे सौंदर्य स्पष्ट करा’ हा पंधरा गुणांचा प्रश्न. त्या लेखांत विहिरीचे पाणी नेहमी गोड असते. ते शेंदणारे हात कोणाचे आणि त्या विहिरीवर येऊ न शकणारे कोण, हे लेखकाला आठवत नाही. पर्यटनाच्या जाहिरातींनी ही भाषा आमच्याकडूनच उसनी घेतली आहे. होमस्टेचा मालक धंदा करतो. आम्ही मात्र तीच अर्धी स्मृती ‘साहित्यमूल्य’ म्हणून शिकवतो. दोष कोणाचा मोठा?

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुले मुंबईला, आंब्याचा भरवसा नाही, दर वर्षी कौले परतायला माणूस मिळत नाही. पाहुण्यांचे पैसे आले नाहीत तर ही घरे चार पावसाळ्यांत बसतील. हे आम्ही जाणतो. आणखी एक गोष्टही मान्य करतो. या व्यवसायात घरच्या बाईच्या रांधण्याला प्रथमच दाम मिळतो आहे. मात्र ‘घरगुती चवी’साठी पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या त्या बाईच्या नावावर बँकेतले खाते आहे का, एवढे पाहुण्याने विचारायला हवे. आम्हीही त्या दिवशी विचारले नाही. तिसऱ्यांदा सोलकढी मात्र मागून घेतली.

तेव्हा आमचे म्हणणे होमस्टे बंद करा असे नाही. घर सांगायचे तर पूर्ण सांगा. ओटी दाखवता तसे मागील दारही दाखवा. तिथून कोण येत असे ते सांगा. आणि वर्गात आजोळचा ललित लेख लावाल तेव्हा त्याच्या शेजारी ‘माझे पुराण’ ठेवा. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही तशी लेखी मागणी करणार आहोत.

परतताना त्या विद्यार्थिनीने आजीला फोन लावला होता. आजीने जेवण कसे होते, समुद्र किती लांब आहे, असे काही विचारले नाही. तिने एवढेच विचारले, “ओटीवर बसलीस काय गो?”