भिंतीनंतरचा खर्च

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फूट ओलांडले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांवर आले. सोळा वर्षांत तीनदा बुडालेल्या शहराला पूर हा अपवाद राहत नाही. जागतिक बँकेच्या मदतीने सुमारे ३,२०० कोटी रुपयांचा पूरनियंत्रण कार्यक्रम आखला गेला, त्यात ७० टक्के वाटा बँकेच्या कर्जाचा. हा पैसा हवाच होता. मात्र त्यातून उभी राहणारी पूरभिंतींसारखी कामे पुढची तीस वर्षे चालवायची कोणी, हे ठरल्याशिवाय एकही भिंत बांधली जाऊ नये, असे आमचे मत आहे.

कारण भिंत नदीला अडवते तसेच शहरातल्या पावसालाही अडवते. शेरीनाल्यासारख्या वाटांनी पुराचे पाणी उलटे गावात शिरते. ते थांबवायला नाल्याच्या तोंडाशी दारे लागतात, आणि दारे बंद असताना आत तुंबलेले पाणी उपसून नदीत टाकायला पंप लागतात. पंपांना डिझेल, सुटे भाग आणि रात्रपाळीची माणसे लागतात. दारांमधला गाळ दर मे महिन्यात काढावा लागतो. बांधकामाचा निधी वरून एकदाच येतो, हा खर्च मात्र दरवर्षी सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या तिजोरीतून जायचा, आणि रस्ते-पाण्याच्या गरजांपुढे तो मागे पडायचा. तीन वर्षे कोरडी गेली की पंप गंजतात आणि चौथ्या वर्षी भिंतीच्या आतच तळे होते. शिवाय एका काठाला भिंत घातली तर समोरच्या सांगलीवाडीत पाणी किती चढेल, याचे उत्तर महापालिकेला एकटीला देता येणार नाही. ते जलसंपदा विभागानेच द्यायचे आहे.

यावर सांगलीत हमखास विचारले जाते : पाणी कोयनेतून येते, फुगवटा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा, मग महापालिकेला दोष का? १०५ टीएमसीच्या कोयना धरणातून कधी आणि किती विसर्ग करायचा, हा निर्णय महापालिकेचा नाही, आणि कर्नाटकाशी बोलणेही राज्याचेच काम आहे. अधिकारांपुरते हे खरे. पण पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टीला जबाबदार धरले नाही. अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. तिच्या आत भराव पडतो, ओत (पाण्याच्या नैसर्गिक वाटा) बुजतात, घरे उठतात, तेव्हा परवानगी देणारी किंवा डोळेझाक करणारी यंत्रणा गावातलीच असते. राज्यही नामानिराळे नाही : गुंठेवारी (गुंठ्यांच्या अनधिकृत तुकड्यांवरची बांधकामे) नियमित करण्याची मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली, ती मुंबईतून.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या कुटुंबांना उठवा, असे आम्ही म्हणत नाही. आयुष्याची पुंजी घालून त्यांनी ती घरे बांधली आहेत. पण नवा भराव आणि नवे बांधकाम आजपासून थांबवता येते. ज्यांना स्वखुशीने हलायचे आहे, त्यांना शहरातच, रोजगाराच्या जवळ, आणखी मोठ्या पुराची हद्द दाखवणाऱ्या लाल रेषेबाहेर जागा देता येते. त्या जागेचा पैसा राज्याने द्यावा आणि निळी रेषा पाळल्याचा हिशेब महापालिकेने दरवर्षी लोकांसमोर मांडावा. हिशेब नसेल, तर पूरनियंत्रण कार्यक्रमाच्या निधीचा पुढचा हप्ता रोखावा. देखभालीची रक्कमही या कार्यक्रमाच्या करारातच वेगळ्या खात्यात बांधून ठेवावी, म्हणजे ती दुसरीकडे वळणार नाही.

पालिकांची ऐपत नाही, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी पुरासाठी २,५०० कोटी रुपये सुचवले ते सात महानगरांना. त्यात मुंबई-पुणे आहेत. सांगली नाही, कऱ्हाड नाही. राज्य आपत्ती निधीतला २० टक्के भाग आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी असतो. कृष्णाकाठच्या शहरांनी त्यावर हक्क सांगायला हवा. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्याला मिळाली. सांगलीसाठी ते नेमावे. सातारा जिल्ह्यात मात्र ही वाटही बंद आहे : कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड नगरपालिकेचे, पाटण नगरपंचायतीचे. तिथल्या भिंतींची, नाल्यांची आणि पूररेषेची जबाबदारी सातारा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने लेखी स्वीकारावी आणि येत्या पावसाळ्याआधी त्यासाठी अभियंता व रक्कम नेमून द्यावी.