बेलेमहून परत फिरणारे गोंयकार

लिस्बन पाहून आलेला गोंयकार भेटला की मी एकच विचारतो, "मोरारियात गेला होतात?" बहुतेकांना ती वस्ती कुठे आहे हेच ठाऊक नसतं. बेलेम मात्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जेरोनिमसचा मठ, त्यातली वास्को द गामाची कबर, नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक, १८३७ पासूनच्या दुकानातले पाश्तेल. वर एक ठरलेलं वाक्य, "अगदी आपल्या पणजीसारखं वाटलं हो!" मला या वाक्याची चीड आहे.

लिस्बनला शिकवायला होतो तेव्हा सुटीच्या दिवशी मी शहर पायी पालथं घालायचो. बेलेम ते मोरारिया हे अंतर सातेक किलोमीटर. तेजो नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. आल्कान्तारातली गोदी मागे पडते, मग तेरेइरो दो पासो हा ऐसपैस चौक लागतो. तिथून आत बायशा. १७५५ च्या भूकंपात हा भाग जमीनदोस्त झाला, आणि पोंबालने तो पट्टीने आखल्यासारखा सरळ बांधून काढला. पुढे रोसियो. या चौकाच्या उत्तरेला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. तिथे एकेकाळी इन्क्विझिशनचा वाडा होता. १५६० मध्ये गोव्यात आलेलं इन्क्विझिशन याच शहराच्या राजसत्तेने पाठवलं होतं. शेजारच्या चौकात १५०६ च्या ज्यू हत्याकांडाचं स्मारक आहे, आणि त्याच्या आजूबाजूला आफ्रिकेतून आलेली माणसं गप्पा मारत उभी असतात. पाच मिनिटं चाललं की मार्तिं मोनिझ, आणि त्याला लागूनच मोरारिया.

११४७ मध्ये आफोन्सो एन्रिकेसने लिस्बन जिंकलं. हरलेल्या मुसलमानांना तटाबाहेरची ही जागा राहायला मिळाली. नावातच 'मूर' आहेत. आज तिथल्या रुआ दो बेंफर्मोझो या अरुंद गल्लीत बांगलादेशी किराणा, हलाल मटण, मोबाइल दुरुस्ती अशी दुकानं ओळीने लागतात. कोथिंबीर मिळते, हिरवी मिरची मिळते, हिंदीत विचारलं तर हिंदीत उत्तर मिळतं. पणजीसारखं वाटायचंच असेल तर ते इथे वाटावं!

पण गोव्याहून आलेल्या पाहुण्यांना तिकडे न्यायचं म्हटलं की चेहरे पडत. "नको हो, तिथे सगळे ते लोक!"

ते लोक म्हणजे कोण? १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी याच गल्लीत छापा घातला. कितीतरी माणसं हात वर करून भिंतीला तोंड लावून रांगेत उभी केली. तो फोटो सगळीकडे गाजला, आणि ११ जानेवारी २०२५ ला त्याविरुद्ध हजारो लोक लिस्बनच्या रस्त्यावर उतरले. तारीख पुन्हा वाचा. १९ डिसेंबर. आपण गोव्यात त्या दिवशी झेंडावंदन करतो. आणि १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या आईवडिलांची, आजीआजोबांची नोंद लिस्बनच्या दप्तरात करून हजारो गोंयकारांनी पोर्तुगीज पासपोर्ट मिळवले, तेही याच तारखेच्या आधाराने. ज्यांनी घेतले त्यांना मी दोष देत नाही. पोटासाठी माणूस कुठेही जातो. बेंफर्मोझोतला बांगलादेशीसुद्धा पोटासाठीच तिथे आलाय. भिंतीशी उभं करणारा पोलीस आधी कातडीचा रंग बघतो. पासपोर्ट खिशातून नंतर निघतो.

कुणी म्हणेल, चार दिवसांचा पर्यटक काय काय पाहणार? मान्य. पण वेळेची सबब खोटी आहे, कारण पाश्तेलच्या रांगेत आपण तासभर उभे राहतो. बेलेमचं ते दगडी स्मारक सालाझारच्या राजवटीने १९६० मध्ये उभारलं, आपल्या मुक्तीच्या जेमतेम वर्षभर आधी. त्यावर १५१० मध्ये गोवा घेणारा आल्बुकर्कही कोरलेला आहे. त्याच्याखाली हसत फोटो काढायला आपल्याला संकोच वाटत नाही. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या गल्लीत मात्र पाऊल टाकवत नाही.

हीच खोड आपण घरीही जपली आहे. फोंताईन्हासच्या रंगीत भिंतींचं कौतुक करायचं, आणि म्हापशाच्या बाजारात भाजी विकणाऱ्या, आपली घरं बांधणाऱ्या माणसाला 'भायलो' म्हणून मोकळं व्हायचं. लिस्बनमधल्या बेंफर्मोझोत तुम्ही 'भायले'च आहात, मंडळी. बेलेममध्येसुद्धा. तिथे फक्त तुमच्याकडे परतीचं तिकीट असतं, म्हणून कुणी तसं म्हणत नाही.